बेंद्रे कोणाचे, जी.ए. कुठले?

द. रा. बेंद्रे आणि जी. ए. कुलकर्णी यांची नावे मराठी लेखनात सहसा एका वाक्यात येत नाहीत. एक कन्नडचे महाकवी, दुसरे मराठीतले कथाकार. पण दोघांचे गाव एकच, धारवाड. बेंद्रे १८९६ साली धारवाडात जन्मले. घरची भाषा मराठी, कविता कन्नड, आणि ‘नाकु तंती’ या कन्नड संग्रहासाठी १९७३चा ज्ञानपीठ पुरस्कार. जी.ए. १९२३ साली बेळगाव जिल्ह्यात जन्मले, धारवाडच्या महाविद्यालयात सुमारे तीस वर्षे इंग्रजी शिकवत राहिले आणि त्या काळात त्यांनी जे महत्त्वाचे लिहिले ते सगळे मराठीत. एकाच्या घरात मराठी आणि दारात कन्नड. दुसऱ्याच्या दारात कन्नड आणि टेबलावर मराठी.

या दोघांविषयी आपण मराठी लोक दोन ठरावीक वाक्ये बोलतो. बेंद्र्यांविषयी म्हणतो, ‘मुळात आपलेच, पण कन्नडला गेले.’ जी.एं.विषयी म्हणतो, ‘तिकडे धारवाडला एकटे राहायचे.’ पहिल्या वाक्यात हळहळ आहे, दुसऱ्यात गूढ. दोन्ही वाक्यांच्या पोटात मात्र एकच समजूत आहे: लेखकाला एकच भाषा असते, उरलेली भाषा म्हणजे एकतर पळवून नेणारी किंवा परकी. ही समजूत नागरिकत्वाची आहे. भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या ९व्या कलमानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे संपते. आपली समीक्षा लेखकांना नकळत हेच कलम लावते. या प्रश्नाऐवजी दुसरा प्रश्न विचारला तर या दोन लेखकांचे, आणि त्यांच्यासारख्या बऱ्याच जणांचे, काय दिसते हे येथे पाहायचे आहे.

तो दुसरा प्रश्न कायम वास्तव्याचा. नागरिकत्व आणि कायम वास्तव्य यांतला फरक परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना तोंडपाठ असतो, साहित्यात मात्र आपण तो वापरत नाही. अमेरिकेचे ग्रीन कार्ड आणि कॅनडाचे पीआर हे दोन शेजारी देशांचे कायम वास्तव्याचे परवाने. एकाच माणसाकडे एकाच वेळी हे दोन्ही असू नयेत असे कोणत्याच देशाचा कायदा म्हणत नाही. अडचण येते ती दोन्ही टिकवताना, कारण दोघांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. कॅनडा दिवस मोजतो: कोणत्याही ५ वर्षांत ७३० दिवस देशात काढलेले हवेत, सलग नसले तरी चालतील. अमेरिका मुख्यतः हेतू पाहते. वर्षभराहून अधिक काळ बाहेर राहिले तर नुसते कार्ड परतीला पुरत नाही, आधी काढलेला पुनःप्रवेशाचा परवाना लागतो. त्याआधी परतले तरी अधिकारी विचारू शकतो की तुमचे खरे घर कुठे आहे. म्हणजे ७३० दिवस कॅनडात काढून, उरलेले दिवस सीमेपलीकडे वाटून, कागदावर गणित जमवता येते. पण ‘घर कुठे’ या प्रश्नाला दोन उत्तरे देता येत नाहीत.

तिसरी कसोटी कमी माहितीची आहे. कॅनडात किंवा मेक्सिकोत राहून रोज किंवा हंगामी कामासाठी सीमा ओलांडणाऱ्या माणसाला अमेरिकेचा कायदा ‘कम्युटर’ म्हणतो आणि त्याचे ग्रीन कार्ड चालू ठेवतो. त्याचे घर अलीकडे नसते, काम असते, आणि वास्तव्य मान्य व्हायला काम पुरते. दिवस, हेतू आणि काम या तीन कसोट्या साहित्याला लावून पाहण्यासारख्या आहेत. ‘कोणाचा’ या प्रश्नाला त्यांच्यात जागाच नाही. त्या विचारतात: किती राहिलास, घर कुठे मानलेस, आणि काय केलेस?

आधी बेंद्रे. हेतूच्या कसोटीवर त्यांचे उत्तर स्वच्छ आहे. त्यांनी कवितेचे घर कन्नडमध्ये बांधले, आणि तेही पुस्तकी कन्नडमध्ये नव्हे, धारवाडच्या बोलीत, लोकगीतांच्या आणि लावणीच्या चालींत. दिवसांचे गणित मात्र इतके सरळ नाही. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले. १९४४ ते १९५६ या काळात सोलापूरच्या डी.ए.व्ही. महाविद्यालयात कन्नड शिकवत होते. त्यांचा शेवट १९८१ साली मुंबईत झाला. शिवाय ते मराठीतही लिहीत राहिले. ‘संवाद’ हे त्यांचे मराठी पुस्तक, विठ्ठल संप्रदायावरचा त्यांचा विचारही मराठीत आहे. नागरिकत्वाच्या भाषेत हे मराठी लेखन म्हणजे ‘मूळ विसरले नाहीत’ याचा पुरावा ठरतो. वास्तव्याच्या भाषेत ते निराळे दिसते. घर पलीकडे आहे हे मान्य करून अलीकडचा परवाना जिवंत ठेवणाऱ्या माणसाचे हे काम आहे, आणि त्यासाठी तो मधूनमधून येऊन खरोखर काहीतरी करून जातो.

सोलापूरची ती बारा वर्षेही ‘महाराष्ट्रात काढलेली वर्षे’ म्हणून नोंदवून भागत नाही. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगू घरोघर बोलल्या जातात. बेंद्रे तिथे कन्नड शिकवायला गेले होते, म्हणजे सीमेच्या मराठी बाजूला त्यांचे काम कन्नडचे होते. गाव एका राज्यातले, नोकरी दुसऱ्या भाषेतली, घरातले बोलणे तिसऱ्या तऱ्हेचे. अशा माणसाविषयी ‘आपल्याकडून गेले’ असे म्हणताना आपण त्यांना जिथून हलवतो तिथे ते कधी एकभाषी होतेच का, हे तपासलेले नसते.

आता जी.ए. यांच्या बाबतीत हेतूचा प्रश्न पडत नाही. ‘निळा सावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२), ‘रक्तचंदन’ (१९६६), ‘काजळमाया’ (१९७२), ‘पिंगळावेळ’ (१९७७), सगळे मराठीत. पण दिवस मोजू लागलो तर हिशेब कन्नडच्या बाजूने झुकतो. ज्या गावात ते राहिले तिथे बाजार, रस्ता, विद्यार्थ्यांचा गलका, दारावरचे बोलणे बहुतांशी कन्नडमध्ये चालते. मराठी समीक्षेने हे सगळे ‘एकांत’ या एका शब्दात गुंडाळले. जी.ए. माणसांत फारसे मिसळत नसत, समारंभांना जात नसत, हे खरे. पण माणूस एकटा असला म्हणून त्याच्या खिडकीबाहेरचे गाव नाहीसे होत नाही.

त्या गावात तेव्हा काय चालले होते ते आठवून पाहावे. धारवाडातच १९३३ साली जी. बी. जोशी यांनी मनोहर ग्रंथमाला सुरू केली होती. गिरीश कर्नाडांचे ‘ययाति’ (१९६१) तिथून आले, ‘तुघलक’ १९६४चे. कन्नडमधल्या नव्य साहित्याची मोठी उलाढाल धारवाडात होत होती, आणि जी.एं.च्या कथा ‘निळा सावळा’पासून ‘रमलखुणा’पर्यंतचा पल्ला नेमका याच वर्षांत गाठत होत्या. प्राचीन कथेच्या चौकटीत आजचा पेच मांडणे हे कर्नाडांनी नाटकात केले, आणि ‘रमलखुणा’मधल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत जी.एं.नी कोणत्याच देशाचा पत्ता नसलेला प्रदेश उभा केला. एकाने दुसऱ्याचे घेतले असे मला म्हणायचे नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. म्हणायचे इतकेच की दोन्ही गोष्टी एका गावात, एका दशकाच्या अंतरात घडल्या आणि त्या शेजारी ठेवून वाचाव्यात असे आपल्या समीक्षेला फारसे वाटले नाही. जी.एं.च्या नियतिवादाची तुलना आपण ग्रीक शोकांतिकेशी करतो, काफ्काशी करतो, पण दोन गल्ल्या पलीकडे छापल्या जाणाऱ्या पुस्तकांशी करत नाही.

वाचक म्हणून मला आणखी एक वाटते. जी.एं.चे मराठी ऐकण्यापेक्षा पाहण्याचे मराठी आहे. वाक्यामागून वाक्य प्रतिमांनी लादलेले, रंगांनी, उपमांनी जड. संवादात बोलीचा ठसका असतो, पण निवेदन बोलण्याच्या लयीपासून मुद्दाम दूर राहते. पुण्या-मुंबईच्या कथाकाराला रोज कानावर पडणारे मराठी आयते मिळते, त्याच्या निवेदनात ते आपोआप झिरपते. जी.एं.ना ते गावातून मिळत नव्हते. त्यांचे मराठी बेळगावच्या लहानपणातून आणि पुस्तकांतून आलेले. ‘माणसे: अरभाट आणि चिल्लर’ वाचताना त्या लहानपणाचा आवाज किती ताजा राहिला होता ते कळते. जो आवाज रोज भोवती नसतो तो माणूस जपून ठेवतो, घासूनपुसून वापरतो. ही शैली स्वभावातून आली असेल, पण तिच्यात दोन भाषांच्या वास्तव्याचाही वाटा आहे, असे माझे वाचन आहे. कोणी खोडून काढले तर आनंदच आहे, निदान त्या निमित्ताने धारवाडचा विचार होईल.

इथवर आपण माणसे हलली असे धरून बोललो. पण कधी माणूस जागेवरच असतो आणि सीमा हलते. इंदिरा संतांचे आयुष्य बेळगावात गेले. त्यांचा ‘मेंदी’ हा संग्रह १९५५चा, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. ‘मृगजळ’ १९५७चा, तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात होते. मधल्या १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली. पुढे महाजन आयोग आला, त्याने १९६७च्या अहवालात काही गावे इकडे, काही तिकडे सुचवली, बेळगाव मात्र जिथे होते तिथेच ठेवले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. एवढे सगळे ज्या गावावरून झाले त्या गावातल्या कवयित्रीची कविता आतल्या खोलीची, विरहाची, फुलापानांची राहिली. म्हणून तिला सीमाभागाची कवयित्री असे कुणी म्हणत नाही, आणि ते बरोबरही आहे. पण मग सीमाभागाचे साहित्य म्हणजे केवळ सीमालढ्याचे साहित्य, हा आपला हिशेब बरोबर कसा? ज्या घरात ‘मृगजळ’ सिद्ध झाला ते घरही सीमेवरच होते.

दोन राज्यांचे वास्तव्य एकाच वेळी कसे जगले जाते याचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र पूर्वेकडे आहे, चंद्रपूर जिल्ह्याच्या जिवती तालुक्यात. महाराजगुडा, मुकादमगुडा, परमडोली, अंतापूर यांच्यासह १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा आहे. तिथे दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच, मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. लोकांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आणि दोन्हींची मतदार ओळखपत्रे. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका माणसाचे नाव एकापेक्षा अधिक मतदारसंघांत असू शकत नाही, पण तिथे ते असते, कारण दोन्ही राज्ये त्याला आपला मानतात. बातम्यांत हे गमतीचे म्हणून येते: एका घराच्या काही खोल्या महाराष्ट्रात, काही तेलंगणात. गावकऱ्यांची तक्रार निराळी आहे. रेशन दोघांकडून मिळते, जमिनीचा पट्टा मात्र अडकून पडतो. दोघे मालक म्हणून पुढे येतात आणि मालकीचा कागद द्यायची वेळ आली की कोणीच येत नाही.

बेंद्रे आणि जी.ए. यांच्याशी आपण नेमके हेच केले असे मला वाटते. सत्कार दोन्हीकडून, पट्टा कुणाकडून नाही. बेंद्र्यांची जन्मशताब्दी आली की मराठीत ‘मराठी मातृभाषेचे कन्नड कवी’ असा लेख येतो, त्यात कवितेबद्दल क्वचितच काही असते. जी.एं.बद्दल उत्तर कर्नाटकात आपुलकी आहे, पण त्यांच्या कथांचे बारकाईने वाचन हे मराठीचे काम मानले जाते आणि धारवाडचे वाचन हे कन्नडचे. पट्टा म्हणजे इथे पूर्ण वाचन. ते दोन्ही भाषा घेऊन बसल्याशिवाय मिळत नाही.

गुर्लहोसूर हे सौंदत्ती तालुक्यातले गाव. १८४३ साली तिथे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, मराठी संगीत नाटकाचे जनक. १८९६ साली, म्हणजे बेंद्र्यांच्याच वर्षी, त्याच गावात शं. बा. जोशी जन्मले. घरची भाषा मराठी, आणि कर्नाटकाच्या संस्कृतीचा पूर्वेतिहास त्यांनी कन्नडमध्ये लिहिला. त्याच अभ्यासातून मराठी संस्कृतीकडे पाहणारे पुस्तकही त्यांनी मराठीत केले. एका छोट्या गावाने एका भाषेला तिचे नाटक दिले आणि दुसरीला तिचा इतिहास. साहित्याच्या इतिहासाची पुस्तके भाषेनुसार लिहिली जातात, म्हणून हे गाव दोन वेगळ्या पुस्तकांत दोनदा येते आणि एकदाही पूर्ण दिसत नाही.

आता तिसरी कसोटी, कामाची. ती अनुवादकाची आहे, आणि इथे माझा स्वार्थ आहे हे उघड सांगून टाकते. मी आनेकलमध्ये राहते आणि कन्नडमधून मराठीत आणण्याचे काम करते. अत्तिबेले ओलांडले की इथून तामिळनाडू सुरू होतो, होसूरचे भाजीवाले इकडे येतात, इकडचे कामगार तिकडे जातात. गावाचे नाव नवख्या माणसाला सोपे वाटते: आने म्हणजे हत्ती, कल्लु म्हणजे दगड, हत्तीचा दगड. पण कन्नडमध्ये आनेकल्लु हा एक सबंध शब्द आहे आणि त्याचा अर्थ गार, पावसात पडणारी. जुन्या म्हैसूर गॅझेटिअरने गावाच्या नावाचा हाच अर्थ दिला आहे. दोन शब्द माहीत असलेला माणूस हत्तीपाशी थांबतो. गारेपर्यंत जायला इथे काही पावसाळे काढावे लागतात.

मराठी आणि कन्नड यांच्यात हे फार होते, कारण शेजार फार जवळचा आहे. तूप आणि तुप्प एकच. अण्णा, अक्का दोन्हीकडे थोरले भाऊबहीण. पण मराठीतली ताई बहीण आणि कन्नडमधली तायि आई. मोठ्या लेखनप्रकाराला ‘कादंबरी’ हे नाव आपण आणि कन्नडने मिळून ठेवले आहे. हिंदीत त्याला उपन्यास म्हणतात, आणि कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान. ज्या दोन भाषांनी कादंबरीचे नावही वाटून घेतले त्यांच्यात ‘हे कोणाचे’ हा प्रश्न विचारताना थोडे थबकायला हवे.

उमा कुलकर्णी यांच्या कामाकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. बेळगावात वाढलेल्या, लग्नानंतर पुण्यात स्थिरावलेल्या उमाताईंनी भैरप्पांच्या ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’ यांसारख्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांची रीत प्रसिद्ध आहे: विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड वाचत, उमाताई ऐकून मराठीत लिहीत. विरूपाक्षांनी स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद केले. कॅनडाच्या नियमात एक सवलत आहे. परदेशात राहूनही नागरिक असलेल्या जोडीदाराबरोबर काढलेले दिवस ७३०मध्ये धरले जातात. पुण्याच्या घरात कानाने काढलेले ते कन्नड दिवस मला या सवलतीसारखे वाटतात. त्यांनी मिळवलेले वास्तव्य लिपीचे नव्हते, कानाचे होते. कदाचित म्हणूनच त्या अनुवादांत बोलणे जिवंत राहिले.

अशा अनुवादाची तारीफ मात्र आपण एकाच वाक्यात करतो: ‘मूळ मराठीच वाटते.’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण त्याचा अर्थ असा की पुस्तकाने सीमेवर आपले कागद लपवले हे बरे केले. कन्नड घरातली अव्वा मराठीत आई झाली, तर वाचकाची सोय झाली. पण त्या घरातला माणूस कोणाला कोणत्या सुरात हाक मारतो ते गेले. अव्वा तशीच ठेवली तर वाचकाला दोन पाने अडखळायला होते, तिसऱ्या पानापासून तो तिथे राहू लागतो. अनुवाद मराठी असलाच पाहिजे, वाक्य मराठीच्या वळणाचे हवेच. पण पुस्तक दुसरीकडेही राहून आले आहे हे कळू द्यायला काय हरकत आहे? अनुवादाचे परीक्षण करणाऱ्याने ‘मूळ वाटते का’ हे विचारण्याऐवजी अनुवादकाने काय ठेवले, काय सोडले आणि का, हे विचारले तर आम्हा कम्युटरांना आपल्या कामाचा खरा हिशेब मिळेल.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ‘दोन्ही भाषांचे’ असे म्हणणे फार सोयीचे असते. त्यात कोणी दुखावत नाही, परिसंवादात टाळ्या मिळतात, आणि काही सिद्धही करावे लागत नाही. मलाही ही भाषा आवडत नाही. म्हणूनच ‘दुहेरी नागरिकत्व’ असे गोड रूपक मी घेतले नाही. नागरिकत्व एकदा मिळाले की सहसा टिकते, माणूस देशात न राहताही. कायम वास्तव्याचे तसे नाही, नाव ‘कायम’ असले तरी ते राहून, येऊन, काम करून टिकवावे लागते. बेंद्र्यांनी मराठीत लिहून ते टिकवले, उमाताईंनी ऐकून. जी.एं.नी कन्नडमधले आपले वास्तव्य टिकवले का, की तीस वर्षे केवळ पत्ता तिथला होता? हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे, आणि उत्तर ‘केवळ पत्ता’ असेही निघू शकते. पण ते शोधायला जी.एं.च्या अभ्यासकाला त्या वर्षांची कन्नड पुस्तके उघडावी लागतील.

अडचण आहे ती इथेच. मराठीत जी.एं.वर लिहिणारे पुष्कळ, त्यांतले कन्नड वाचू शकणारे थोडे. बेंद्र्यांवर कन्नडमध्ये लिहिणारे पुष्कळ, त्यांतले ‘संवाद’ वाचलेले थोडे. विद्यापीठांचे भाषाविभाग शेजारी खोल्यांत असतात, प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात. पुण्याच्या एखाद्या विद्यार्थ्याने सहा महिने धारवाडात राहून कन्नड शिकून ‘काजळमाया’ पुन्हा वाचावी, आणि धारवाडच्या विद्यार्थ्याने सोलापुरात राहून बेंद्र्यांची ती बारा वर्षे शोधावीत, एवढी मागणी फार नाही. ७३० दिवस तर कोणी मागतच नाही. निम्म्याहून कमी दिवसांत सुरुवात होईल.